क्षेत्री कीं बीजी? पितृत्वाच्या वादाचा शास्त्रार्थ आणि मराठ्यांच्या इतिहासांतील दोन प्रकरणें

जुन्या घराण्यांचीं दप्तरें चाळणाऱ्यांस करीने, महजर, निवाडपत्रें व वंशावळी यांचा परिचय आहेच. वतनाची वांटणी, वडीलपणाचा मान किंवा दत्तकाचा हक्क यांविषयीं तंटा उपस्थित झाला म्हणजे वादी व प्रतिवादी आपापली मूळ पुरुषापासूनची पिढी सांगतात, आणि त्याच ओघांत एखादा पक्ष दुसऱ्याच्या जन्माविषयीं शंका काढतो. अमका अस्सल नव्हे, लेकावळा आहे. अमक्यास बाहेरून आणून ठेविलें. अमक्याचा बाप तो नव्हेच. अशा तऱ्हेचीं हीं विधानें असतात. असा कागद हातीं लागला म्हणजे संग्राहकास मोठें गुपित सांपडल्यासारखें वाटतें, आणि त्या एका ओळीवरून एखाद्या घराण्याच्या चार पिढ्या खोट्या ठरविण्यास तो सिद्ध होतो. या प्रवृत्तीस कांहीं आळा बसावा, आणि अशा कागदाचें प्रामाण्य किती मानावें याचा विचार व्हावा, एवढ्याच हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रारंभींच एक भेद सांगितला पाहिजे. ज्यास आपण ढोबळपणें पितृत्वाचा वाद म्हणतों त्यांत वस्तुतः दोन निरनिराळे प्रश्न असतात. पहिला प्रश्न असा कीं, हें मूल या मातेच्या उदरीं जन्मलें काय? दुसरा प्रश्न असा कीं, या मातेच्या उदरीं जन्मलेलें मूल कोणाचें मानावयाचें? पहिला प्रश्न केवळ वस्तुस्थितीचा आहे. तो साक्षीपुराव्यानेंच सुटतो. दुसरा प्रश्न शास्त्राचा आहे. त्याचें उत्तर धर्मशास्त्रानें नियमानें दिलें आहे, आणि तें देतांना रक्ताचा शोध हेंच एक प्रमाण मानलेलें नाहीं. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळें इतिहासांत पुष्कळ घोटाळा माजला आहे.

१. सूत्रकारांचा मतभेद

धर्मशास्त्रांत पतीस क्षेत्री व जनकास बीजी अशा संज्ञा आहेत. हे दोघे एकच असले म्हणजे वाद उरत नाहीं. ते भिन्न असले म्हणजे अपत्य कोणाचें, याविषयीं सूत्रकाळापासूनच एकवाक्यता नव्हती.

गौतमधर्मसूत्राच्या अठराव्या अध्यायांत नियोगाच्या प्रसंगानें या वादाचीं बहुतेक सर्व अंगें थोडक्यांत आलीं आहेत. अपत्य जनकाचें, हा तेथें सामान्य नियम दिसतो. परंतु तसा करार झाला असल्यास तें दुसऱ्याचें. पति जीवंत असतां त्याच्या क्षेत्रीं झालेलें असल्यास पतीचें. कित्येक प्रसंगीं दोघांचेंही. आणि शेवटीं, पतीनें त्याचें रक्षण केलें असल्यास तें पतीचेंच. हा शेवटचा विकल्प विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. बीज व क्षेत्र या दोहोंहून निराळें असें एक तिसरें प्रमाण, म्हणजे पालन, सूत्रकारानें येथें मान्य केलें आहे.

आपस्तंबाचा कल याच्या उलट आहे. पुत्र उत्पादकाचाच, या मताकडे तो झुकतो, आणि म्हणूनच स्त्रियांच्या रक्षणाविषयीं सावध राहण्यास सांगतो. बौधायन पुत्रांचे नाना प्रकार सांगून झाल्यावर औपजंधनीचें मत देतो. त्या मतीं औरसावांचून दुसरा पुत्रच नाहीं. वसिष्ठानें तर येथें विवाद आहे असें स्पष्टपणें म्हटलें आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत हाच वाद तीन वाक्यांत मांडला आहे. आचार्यांच्या मतें परक्षेत्रीं पडलेलें बीज क्षेत्र्याचें. दुसऱ्यांच्या मतें माता ही केवळ भाता, ज्याचें बीज त्याचें अपत्य. आणि स्वतः कौटिल्याच्या मतें दोन्ही संबंध विद्यमान असतात. राजनीतीच्या ग्रंथकारानें एका पक्षास सर्वस्वी खोडून न काढतां दोन्ही संबंध उभे ठेविले, यांत त्याचा व्यवहारीपणा दिसून येतो.

२. मनु, याज्ञवल्क्य व मिताक्षरा

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज व क्षेत्र यांचें बलाबल विस्तारानें तपासलें आहे. बीजाचें प्राधान्य प्रथम मान्य करून पुढें मनूनें निर्णय क्षेत्र्याच्या बाजूनें दिला आहे. त्यासाठीं घेतलेले दृष्टांत शेतकऱ्याच्या व शिकाऱ्याच्या नित्य अनुभवांतले आहेत. पुरानें किंवा वाऱ्यानें वाहून आलेलें बीं ज्याच्या शेतांत उगवतें, पीक त्याचें. दुसऱ्याच्या गाईवर आपला वळू गेला म्हणून वासरूं आपलें होत नाहीं. एकानें विद्ध केलेल्या मृगावर मागून बाण टाकणाऱ्याचा बाण व्यर्थ जातो. झाडझाडोरा तोडून ज्यानें जमीन लागवडीस आणिली त्याची ती जमीन. दोघांत आधीं ठराव झाला असेल तरच फल दोघांचें. स्त्रीस भूमीची व पशूची उपमा देणारे हे दृष्टांत आजच्या वाचकास रुचणार नाहींत, व आम्हांसही रुचत नाहींत. तथापि त्यांतून निघणारा निष्कर्ष अपत्याच्या हिताचा आहे, हें विसरतां येत नाहीं.

तो निष्कर्ष मनूनें सांगितलेल्या बारा पुत्रांच्या लक्षणांत स्पष्ट होतो. घरांत जन्मला, पण कोणापासून हें कळत नाहीं, असा जो गूढोत्पन्न, तो ज्याच्या भार्येच्या पोटीं झाला त्याचा. विवाहाच्या वेळीं वधू गर्भवती असेल, मग तें वरास ठाऊक असो वा नसो, तो सहोढ पुत्र पाणिग्रहण करणाऱ्याचा. कुमारिकेस झालेला कानीन तिच्याशीं विवाह करणाऱ्याचा. या सर्व ठिकाणीं जनक कोण, हें शोधून काढा असें स्मृतिकार म्हणत नाहीं. तो शोध निष्फळ होण्याचा संभव मोठा, आणि तोंपर्यंत मूल निर्नाथ राहणार, हें त्यास दिसत होतें. तथापि सर्वांचा दर्जा एक नव्हता, हेंही सांगितलें पाहिजे. मनूनें पहिले सहा पुत्र दायाद व बांधव, आणि पुढील सहा केवळ बांधव, असा विभाग केला आहे. गूढोत्पन्न पहिल्या षट्कांत येतो. कानीन व सहोढ दुसऱ्यांत. म्हणजे नांव व कुल सर्वांस मिळे, परंतु रिक्थाचा अधिकार सर्वांस सारखा नसे.

याज्ञवल्क्यानें कानीन हा मातामहाचा पुत्र मानिला आहे. मनूशीं येथें उघड विरोध येतो. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें तो विरोध असा मिटविला कीं, ती कन्या अविवाहित असून पितृगृहीं असेल तर पुत्र मातामहाचा, आणि विवाहित असेल तर वोढ्याचा. गूढजाविषयीं त्यानें एक मर्यादा घातली: जनक कोण हें निश्चित नसलें तरी तो सवर्ण होता एवढें निश्चित असलें पाहिजे. नियोगानें झालेल्या पुत्राविषयीं याज्ञवल्क्य सांगतो कीं, अपुत्र पुरुषानें परक्षेत्रीं नियोगानें उत्पन्न केलेला पुत्र दोघांचाही रिक्थहर व दोघांसही पिंड देणारा होतो. या एका नियमांत शास्त्राची दृष्टि पूर्णपणें प्रकट झाली आहे. पितृत्व म्हणजे पिंड, रिक्थ, गोत्र व ऋण यांचा भार कोणीं कोणाचा वाहावयाचा, याची व्यवस्था. शरीरसंबंधाचा इतिहास हा त्या व्यवस्थेचा केवळ एक भाग.

पुढें कलिवर्ज्यप्रकरणीं नियोग निषिद्ध ठरला, आणि औरस व दत्तक यांखेरीज इतर पुत्र कलियुगांत वर्ज्य मानले गेले. व्यवहारमयूखकार नीळकंठ भट्टाच्या काळापर्यंत दत्तकाचा विचार हाच पुत्रविचाराचा मुख्य विषय होऊन बसला होता. यावरून कोणी असें म्हणेल कीं, गूढजाचें नांव यादींतून गेलें, तेव्हां त्याचें संरक्षणही गेलें. आमचें अनुमान निराळें आहे. याज्ञवल्क्याच्या लक्षणाप्रमाणें धर्मपत्नीच्या ठिकाणीं झालेला तो औरस. पति स्वतः नाकारीत नसतां धर्मपत्नीच्या पुत्रास औरसाहून भिन्न ठरविण्याचें कारणच उरलें नाहीं; पूर्वीं जो गूढज म्हणून घेतला जाई तो आतां कोणताही प्रश्न न विचारतां औरस म्हणून घेतला जाऊं लागला.

३. कर्णाचें उत्तर

पुराणेतिहासांत या शास्त्रार्थाचा सर्वांत मार्मिक प्रयोग उद्योगपर्वांत आहे. शिष्टाई विफल झाल्यावर श्रीकृष्ण कर्णास रथांत घेऊन सांगतो कीं, कानीन व सहोढ हे शास्त्राप्रमाणें मातेच्या पतीचेच पुत्र. तूं कुंतीचा कानीन, म्हणून धर्मतः पांडूचा ज्येष्ठ पुत्र. चल, राज्य तुझें आहे. शास्त्रदृष्ट्या या युक्तिवादास उत्तर नाहीं. कर्णही शास्त्र नाकारीत नाहीं. तो म्हणतो कीं, अधिरथानें मला घरीं आणिलें, राधेनें मला वाढविलें, अधिरथानेंच माझे जातकर्मादि संस्कार केले, विवाह करून दिले. तो मला पुत्र मानतो आणि मी त्यास पिता मानतों. येथें बीज सूर्याचें, क्षेत्र पांडूचें, आणि पालन सूताचें. तिन्ही प्रमाणें तीन दिशांस ओढीत असतां कर्णानें पालन निवडलें. गौतमानें शेवटच्या सूत्रांत ठेविलेला विकल्प तो हाच. ज्याच्या पितृत्वाचा वाद, त्याचें स्वतःचें म्हणणें काय, हा प्रश्न व्यासांनीं येथें विचारला आहे. निबंधकारांनीं तो क्वचितच विचारला.

४. रामराजाचें प्रकरण

आतां आपल्या इतिहासाकडे वळूं. शाहू छत्रपति १५ डिसेंबर १७४९ रोजीं निपुत्रिक वारले. तत्पूर्वीं ताराबाईनें असें प्रकट केलें होतें कीं, आपला पुत्र शिवाजी यास झालेला मुलगा भयास्तव गुप्तपणें वाढविला असून तो जीवंत आहे. हाच रामराजा. १७५० च्या जानेवारींत तो सातारच्या गादीवर बसला. हा मुलगा खरा कशावरून, अशी शंका तेव्हांही निघाली. ग्रांट डफ लिहितो कीं, रघूजी भोसल्याच्या आग्रहावरून ताराबाईनें जातिबांधवांसमक्ष रामराजाबरोबर भोजन केलें आणि त्या अन्नावर शपथ वाहून तो आपला नातू असल्याचें सांगितलें.

वर्ष पुरें होण्याच्या आंतच चक्र उलटें फिरलें. रामराजा आपल्या म्हणण्याप्रमाणें चालत नाहीं, पेशव्यांच्या तंत्रानें चालतो, असें दिसतांच १७५० च्या नोव्हेंबरांत ताराबाईनें त्यास सातारच्या किल्ल्यावर कैद केलें आणि हा आपला नातूच नव्हे असें जाहीर केलें. पुढें १७५२ च्या सप्टेंबरांत जेजुरीस खंडेरायासमोर तिनें त्याच अर्थाची शपथ घेतली.

या दोन शपथांपैकीं कोणती खरी, यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आमचें लक्ष निराळ्या गोष्टीकडे आहे. हा वाद क्षेत्रीबीजीचा नव्हेच. हा ओळखीचा, म्हणजे पहिल्या प्रकारचा वाद आहे. शिवाजीच्या पत्नीस झालेला मुलगा तोच हा किंवा नव्हे, एवढाच त्यांतील प्रश्न. तो साक्षीनें सुटावयाचा, आणि साक्षी एकच, तीही दोन वेळां परस्परविरुद्ध बोललेली. नारदानें हीन वादी पांच प्रकारचे सांगितले आहेत. त्यांत पहिला अन्यवादी, म्हणजे आधीं एक बोलून मागून दुसरें बोलणारा. या कसोटीनें ताराबाईची दुसरी शपथ पहिलीस बाध आणूं शकत नाहीं. पहिलीच्या भरंवशावर सरदारांनीं मुजरे केले होते, सनदा घेतल्या होत्या. व्यवहारांतही तसेंच घडलें. जिनें नातू म्हणून आणिला तिनेंच नाकारला, तरी रामराजा १७७७ सालीं मृत्यु पावेपर्यंत छत्रपतिच राहिला. त्याची सत्ता नाममात्र होती हें खरें; परंतु त्याचें छत्रपतिपद रद्द झालें नाहीं, आणि त्यानें दत्तक घेतलेले दुसरे शाहू त्याच्या मागें गादीवर बसले. एकदां विधिपूर्वक दिलेलें कुल देणाऱ्याच्या लहरीनें परत घेतां येत नाहीं, हा त्यांतील बोध होय.

५. सवाई माधवरावाचें प्रकरण

दुसरें प्रकरण अधिक बोलकें आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनीं तिला पुरंदरावर नेऊन ठेविलें, आणि तेथें १८ एप्रिल १७७४ रोजीं तिला पुत्र झाला. अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या मुलास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. येथें सहज ध्यानांत येईल कीं, हीं वस्त्रें देणारा छत्रपति तोच रामराजा होता. ज्याच्या जन्माविषयीं आजीनें शपथपूर्वक शंका घेतली होती, त्याच्या नांवें आलेलीं वस्त्रें ज्याच्या जन्माविषयीं चुलतआजोबा शंका घेत होता त्या मुलास मिळालीं.

रघुनाथरावाच्या पक्षानें या मुलाविषयीं संशय पसरविला. ग्रांट डफनें अशी वदंता नमूद केली आहे कीं, गंगाबाईबरोबर कांहीं गरोदर ब्राह्मण स्त्रिया गडावर नेल्या होत्या. कन्या झाल्यास अदलाबदल करतां यावी, हा त्यांतील उद्देश. हा आक्षेपही पहिल्या प्रकारचा, म्हणजे मूल बदलल्याचा आहे. कांहींनीं तो वाढवून दुसऱ्या प्रकारापर्यंत नेला आणि मुलाचा जनकच नारायणराव नव्हे असें म्हटलें. वस्तुतः हे दोन आक्षेप परस्परांस मारक आहेत. मूल बदललें असेल तर गंगाबाईच्या शीलाचा प्रश्नच येत नाहीं, आणि तिच्या शीलाविषयीं बोलावयाचें तर मूल तिचेंच होतें हें आधीं मान्य करावें लागतें. एकाच तोंडानें दोन्ही बोलणाऱ्यास सत्यापेक्षां गादीची चाड अधिक, हें उघड आहे.

दुसऱ्या आक्षेपाची आणखी एक परीक्षा साध्या गणितानें होते. वधाच्या दिवसापासून जन्माच्या दिवसापर्यंत २३१ दिवस होतात. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचा सामान्य काळ सुमारें २६६ दिवस धरला, तर वधाच्या वेळीं गर्भ सुमारें पांच आठवड्यांचा ठरतो. म्हणजे काळाच्या दृष्टीनें नारायणरावाच्या पितृत्वास कोणतीही अडचण नाहीं. शास्त्रदृष्ट्या तर प्रश्नच उरत नाहीं. क्षेत्री नारायणराव, आणि तो नाकारावयास जीवंत नव्हता. नाकारणारा होता तो पुढचा वारस, आणि शिवाय वधाचा आरोप ज्याच्यावर आला तोच. साक्षिप्रकरणांत स्मृतिकारांनीं अर्थसंबंध असलेल्या साक्षीस अग्राह्य मानिलें आहे; त्या नियमास याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

तथापि या संशयाचा उपयोग राजकारणांत पुरेपूर झाला. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहानें मुंबईकर इंग्रजांनीं रघुनाथरावाचा पक्ष घेतला आणि युद्ध पेटलें. पुढील वर्षीं १ मार्च रोजीं कर्नल अप्टननें पुरंदरचा तह केला तो बाल पेशव्यांच्या कारभाऱ्यांशीं. अखेर १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें सवाई माधवरावाची पेशवाई इंग्रजांनीं मान्य केली आणि रघुनाथरावाचा हक्क संपला. सात वर्षांच्या या उलाढालींत हजारों माणसें खर्चीं पडलीं. एका अर्भकाचा बाप कोण, हा प्रश्न केवढ्या अनर्थाचें निमित्त होऊं शकतो, हें यावरून दिसतें. आणि धर्मशास्त्रकारांनीं तो प्रश्न शक्य तितका बंद ठेवण्याचा यत्न कां केला, हेंही उमगतें.

६. आधुनिक विधि

आमच्या वाचकांस हा सर्व विचार केवळ पुरातन वाटूं नये. रोमन विधींतही विवाहानें जो दाखविला जातो तो पिता, असें तत्त्व होतें, आणि इंग्रजी विधींतून तें इकडे आलें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ११२ व्या कलमांत असें ठरविलें गेलें कीं, विवाहसंबंध चालू असतां, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांच्या आंत व माता पुनर्विवाहित नसतां, जन्मलेलें मूल त्या पतीचेंच, हें निर्णायक प्रमाण मानावें. अपवाद एकच, गर्भसंभवाच्या काळीं पतिपत्नींस एकमेकांच्या सहवासाची संधीच नव्हती असें सिद्ध झाल्यास. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली, तरी त्याच्या ११६ व्या कलमांत हें तत्त्व तसेंच राहिलें आहे. ही मोजपट्टी शंभर वर्षें मागें नेऊन लाविली, तर पुरंदरावरील २३१ दिवस २८० च्या पुष्कळ आंत येतात.

मध्यंतरीं एक नवीन गोष्ट घडली. बीजी कोण, हें जनुकपरीक्षेनें आतां जवळजवळ निश्चितपणें सांगतां येतें. स्मृतिकारांच्या नियमाचें एक कारण, म्हणजे शोधाची अशक्यता, त्यामुळें नाहींसें झालें. मग नियम राहावा कीं जावा? सर्वोच्च न्यायालयाचीं मतें या बाबतींत पाहण्यासारखीं आहेत. १९९३ सालीं त्यानें सांगितलें कीं, रक्तपरीक्षेचा हुकूम सर्रास देऊं नये. २०१४ सालीं महाराष्ट्रांतून गेलेल्या एका पोटगीच्या प्रकरणांत परीक्षा आधींच होऊन पति जनक नसल्याचें दिसून आलें होतें; तेथें न्यायालयानें अनुमानापेक्षां शास्त्रीय सत्यास अधिक मान दिला. २०२३ सालीं मात्र महाराष्ट्रांतूनच गेलेल्या दुसऱ्या प्रकरणांत पतिपत्नींच्या भांडणासाठीं मुलाची परीक्षा करण्यास त्यानें नकार दिला. आणि २०२५ च्या जानेवारींत, केरळांतून गेलेल्या प्रकरणांत, वाद उलट दिशेनें आला होता. तेथें अपत्यानेंच बीजी म्हणून दुसऱ्या पुरुषाकडे बोट दाखविलें होतें. न्यायालयानें सांगितलें कीं, सहवासाचा अभाव सिद्ध होईतों मातेचा पति हाच विधीच्या दृष्टीनें पिता.

जुन्या परिभाषेंत सांगावयाचें तर २०१४ चा निर्णय बीजाच्या बाजूचा, आणि १९९३, २०२३ व २०२५ चे क्षेत्राच्या बाजूचे आहेत. वाद अद्यापि जीवंत आहे. विवाहबाह्य अपत्याचा नैसर्गिक पालक १९५६ च्या कायद्यानें प्रथम माता व नंतर पिता ठरविला आहे. याज्ञवल्क्यानें अविवाहितेचा कानीन मातृकुलाकडे दिला होता, त्याचें येथें स्मरण होतें. साधनें बदललीं, परंतु प्रश्नाचे तीन कोन, म्हणजे बीज, क्षेत्र व रक्षण, तसेच राहिले आहेत.

७. निष्कर्ष

संग्राहकांनीं यापुढें जन्मशंकेचा कागद हातीं आल्यास चार गोष्टी पाहाव्या. शंका ओळखीची आहे कीं जनकाची, हें प्रथम ठरवावें. शंका घेणारा कोण व त्याचा अर्थसंबंध काय, हें दुसरें. ती शंका मुलाच्या जन्माच्या वेळीं निघाली कीं वांटणीच्या वेळीं, हें तिसरें. आणि ज्यास नाकारण्याचा अधिकार होता त्या पतीनें त्या मुलाचें जातकर्म, मौंजीबंधन, विवाह केले कीं नाहीं, हें चौथें. पतीनें संस्कार केले असतील, गोतानें पंक्तीस घेतलें असेल, आणि शंका पुढें तीस वर्षांनीं दायादानें काढली असेल, तर तो कागद त्या मुलाच्या जन्माचा पुरावा नव्हे. तो दायादाच्या लोभाचा पुरावा होय. तो जपून ठेवावा, छापावा, पण त्याच नांवानें.

प्राचीन स्मृतिकार, मराठेशाहींतील कारभारी व आजचे न्यायाधीश यांच्या आचारविचारांत अंतर फार. तथापि वडील माणसांच्या कलहाचा दंड मुलावर पडूं नये, या एका बाबतींत त्यांचा कल बहुधा एकाच दिशेस दिसतो. मृतांच्या जन्माचा न्याय करावयास बसणाऱ्या इतिहाससंशोधकानें निदान तितका विवेक राखावा. ज्यांच्या संग्रहीं अशा तंट्यांचे करीने किंवा निवाडपत्रें असतील त्यांनीं त्यांच्या नकला, वर सांगितलेल्या चार मुद्यांच्या टिपणासह, प्रसिद्धीसाठीं धाडाव्या, अशी आमची विनंति आहे.